मेहुणे शिकताहेत!

आमचे मेहुणे म्हैसूरला असतात. वय बेचाळीस, नोकरी विमा कंपनीत, आणि गेल्या दिवाळीपासून त्यांच्या अंगात डेटा सायन्स संचारलंय. करिअर बदलायचं हे नक्की. प्रश्न एवढाच उरलाय, की शिकायचं घरी बसून की वर्गात बसून? बसणं दोन्हीकडे आहेच, त्यामुळे घरच्यांना फारशी चिंता नाही.

गावही या प्रश्नाला साजेसं. कुक्करहळ्ळी तळ्याजवळ मानसगंगोत्री, म्हणजे 1916 साली सुरू झालेल्या म्हैसूर विद्यापीठाचं आवार. नाव कन्नड कवी कुवेंपूंनी दिलेलं. पलीकडे मुक्तगंगोत्री, म्हणजे 1996 मध्ये स्थापन झालेलं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ. त्याचं मूळही म्हैसूर विद्यापीठातच. 1969 पासून तिथे टपालाने शिकवत होते. घरबसल्या पदवी मिळवायची सोय मेहुण्यांच्या जन्माआधीपासून गावात आहे, फक्त तेव्हा पाकिटाला तिकीट लागायचं आणि आता ईएमआय लागतो.

मान्यताप्राप्त ऑनलाइन आणि दूरस्थ पदव्या नेहमीच्या पदवीच्याच तोडीच्या, असं यूजीसीने 2022 मध्ये जाहीर केलं. सासूबाईंपर्यंत ते परिपत्रक अजून पोचलेलं नाही. ‘‘ऑनलाइन होय? मग खरी कधी घेणार?’’ असं त्या परवाच विचारत होत्या. या प्रश्नाला हसू नये. याच मुक्त विद्यापीठाची मान्यता यूजीसीने 2015 मध्ये काढून घेतली होती. राज्याबाहेर आणि खाजगी संस्थांमार्फत अभ्यासक्रम चालवल्याचा ठपका होता. ती परत मिळायला 2018 उजाडलं. तोवर पोरं पदवी हातात धरून ती चालते का, हे विचारत फिरत होती. तेव्हा कोर्स घेण्याआधी निदान यूजीसीच्या यादीत नाव आणि वर्ष तरी बघावं. मेहुण्यांनी तासभर खपून शोधलं ते हे, की प्रवेश घेतल्यावर बॅग फुकट मिळते का. मिळते. निळ्या रंगाची.

मग कॅम्पसच घ्यावा? इन्फोसिसने म्हैसूरला 300 एकरांहून मोठं आवार उभारलंय, कशासाठी, तर चार वर्षं कॅम्पसमध्ये शिकून आलेल्या इंजिनिअरांना पुन्हा कॅम्पसमध्ये ठेवून शिकवायला. आधीच्या चार वर्षांत काय झालं, हे विचारायचं नसतं.

‘तुमच्या सवडीने, तुमच्या वेगाने शिका’ ही ॲपवाल्यांची घोषणाही म्हैसूरकरांना नवी नाही. पट्टाभि जोईस यांनी 1948 मध्ये इथे अष्टांग योगाची संस्था काढली. एकाच खोलीत प्रत्येकजण आपापल्या वेगाने आसनं करतो, या पद्धतीला जगभर ‘म्हैसूर स्टाइल’ म्हणतात आणि त्यासाठी परदेशातून माणसं गोकुलमला येऊन राहतात. फरक इतकाच, की तिथे पाठ वाकली नाही तर गुरुजी स्वतः येऊन वाकवतात. ॲप फक्त नोटिफिकेशन पाठवतं.

अखेर मेहुण्यांनी ऑनलाइन घेतलं, कारण पगार सुटत नाही. पहिलं लेक्चर स्वयंपाकघरात झालं. कॅमेरा बंद, माइक चुकून चालू. कुकरच्या तीन शिट्ट्या आणि ‘‘अहो, गॅस बंद करा!’’ हे वहिनींचं मार्गदर्शन सबंध बॅचला मिळालं. चाचणीला तर लॅपटॉप फिरवून चारही भिंती दाखवाव्या लागल्या. पलंगाखालीसुद्धा. कॉपीला जागाच नको, म्हणून. इतक्यात सासूबाई जपमाळ शोधत आत आल्या. पडद्यावर लाल अक्षरं: ‘खोलीत दुसरी व्यक्ती आढळली.’ त्यांनी चष्मा सावरून पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘दुसरी कोण रे?’’

वर्गाचं भाडं विद्यापीठ भरतं, हे मेहुण्यांना त्या दिवशी कळलं. घरात शांतता नाही म्हणून ते आता सरस्वतीपुरममध्ये, मानसगंगोत्रीपासून हाकेच्या अंतरावर, अभ्यासापुरती खोली बघताहेत. भाडं अधिक डिपॉझिट अधिक कोर्सचा हप्ता, अशी बेरीज केल्यावर नोकरी सोडून वर्गातच बसले असते तर काय झालं असतं, असं वहिनी विचारतात. मेहुणे त्याला ‘डेटा अपुरा आहे’ म्हणतात.

परवा एक खोली पसंत पडली. घरमालकांनी विचारलं, ‘‘कुठलं कॉलेज?’’ मेहुण्यांनी निळ्या बॅगेकडे बोट केलं. घरमालक म्हणाले, ‘‘सार्, एकट्या माणसाला देत नाही आम्ही. फॅमिलीला घेऊन या, उद्या किल्ली देतो.’’