लिंटरभाऊ

नागपुरात परसोडीचं आयटी पार्क घ्या, मिहान घ्या, नाहीतर बजाजनगरातलं दोन खोल्यांचं स्टार्टअप. सॉफ्टवेअर जिथे बनतं तिथे त्याचं मॅन्युअल कुणाला तरी लिहावंच लागतं, आणि मॅन्युअल आलं की मागोमाग लिंटरभाऊ येतोच. हुद्दा टेक्निकल रायटरचा, पिंड शाळामास्तरचा. फक्त मास्तर स्वतः ओरडायचे. हा यंत्राकडून ओरडून घेतो.

यंत्राचं नाव ‘वेल’. हे लिंटर, म्हणजे लिखाणातल्या चुका पकडणारं सॉफ्टवेअर. फुकट, ओपन सोर्स. मॅन्युअलची फाइल गिटवर चढवली की ते वाक्य न् वाक्य तपासतं आणि सूचना, इशारा, चूक अशा चढत्या क्रमाने निकाल लावतं. चूक निघाली की बिल्ड लाल. असले प्रकार बेल लॅब्जमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीसच सुरू झाले होते, ‘रायटर्स वर्कबेंच’ नावाने. पण भाऊच्या मते व्याकरणाचा उदय तो रुजू झाला त्या सोमवारी झाला.

नियम त्याने गूगलच्या शैलीचे आणले. इंग्रजीतलं ‘वी’ नको, ‘विल’ नको, कर्मणी प्रयोग टाळा, उद्गारचिन्ह तर अजिबात नको. आता नागपूरकरातून उद्गारचिन्ह काढल्यावर उरतं काय?

“लाल काऊन दाखवून राहिलं बे?” डेव्हलपर खेकसतो.

“मी कुठं म्हणून राहिलो? वेल म्हणून राहिलं.”

हे भाऊचं ब्रह्मास्त्र. ‘सर, तुमच्या वाक्याला शेवटच नाही,’ हे सरांना तोंडावर सांगायची ऑफिसात कुणाची टाप नव्हती. यंत्राने सांगितलं की सर मुकाट्याने वाक्य तोडतात. फारच जिव्हारी लागलं, तर परिच्छेदाच्या वर ‘वेल ऑफ’ आणि खाली ‘वेल ऑन’ अशी टिप्पणी टाकून मोकळे होतात. भाऊला ते दिसतं. तो बोलत काही नाही. त्या दिवशी तर्री-पोह्याला सरांच्या टेबलावर बसत नाही, एवढंच.

त्याची खरी इस्टेट म्हणजे ‘ॲक्सेप्ट’ नावाची टेक्स्ट फाइल, वेलने चालवून घ्यायच्या शब्दांची यादी. यंत्राच्या इंग्रजी कोशात सीताबर्डी नाही, परसोडी नाही, टीममधली निम्मी आडनावं नाहीत. नवा माणूस आला की एचआर त्याला ओळखपत्र देतं आणि भाऊ त्याचं आडनाव त्या यादीत घालतो. तोवर तो माणूस स्पेलिंग मिस्टेक असतो.

यादीसारखे भाऊचे नियमही वाढतच असतात. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे १४ नियम केले, १९७२ साली आणखी ४ वाढवले. चार नियमांना दहा वर्षं! भाऊ तेवढे जेवणाच्या सुट्टीत वाढवतो.

मध्यंतरी एका ग्राहकाचा फोन आला, मॅन्युअलप्रमाणे सॉफ्टवेअर इन्स्टॉलच होत नाही. भाऊने छाती काढून अहवाल दाखवला: शून्य चुका, शून्य इशारे. अहवाल खराच होता. कोडच्या चौकटीत वेल डोकावत नाही, आणि चौकटीतली कमांड जुन्या आवृत्तीची होती. तिच्या चहूबाजूंचं व्याकरण मात्र निर्दोष.

ती कमांड शेवटी स्वतःच्या मशीनवर चालवून पाहिली ती टेस्टिंगमधल्या मुलीने. तुमच्याकडे लिंटरभाऊ असेल तर त्याला हलवू नका, मॅन्युअल खरंच वाचनीय होतं. फक्त शेजारी अशी एक मुलगी बसवा, आणि तिचं आडनाव यादीत गेलंय ना, तेवढं बघा.