झटकू नका!

बुलढाणा जिल्ह्यात उंदरांचं स्थलांतर सोयाबीनच्या सोंगणीवर ठरतं. दसऱ्याच्या आगेमागे शेतं मोकळी होतात, सुड्या लागतात, मळणीयंत्रं फिरतात आणि पावसाळाभर शेंगांवर पोसलेली उंदरं एकाएकी बेघर होतात. तूर-कपाशी अजून उभी असते, नाही असं नाही. पण रात्री गार पडायला लागल्या की त्यांना पक्कं घर हवंसं वाटतं. आमचं घर खामगावात, म्हणजे घाटाखाली. घाटावरची मंडळी, बुलढाणा-चिखलीकडची, आमच्या उन्हाला हसतात. हसू देत. उंदराच्या प्रकरणात हेच ऊन कामाला येतं.

धान्याची कोठी पत्र्याची, म्हणून उंदीर तिच्या वाटेला जात नाही. तो जातो माळ्यावरच्या गाठोड्यात. दिवाळीच्या आवराआवरीत ते खाली काढलं. वर आईच्या गोधड्या, मध्ये वडिलांचा लग्नातला कोट, तळाशी बायकोचा शालू आणि कुठल्याशा फायलीतून घरंगळलेला जुना सातबारा. उंदरिणीने त्या सातबाऱ्याचे बारीक तुकडे करून मऊ गादी केली होती आणि तीवर बाळंतपण उरकलं होतं. पिल्लांसकट ती निघून गेलेली, पण आता आमच्या जमिनीला कूळ लागलं की काय, याचा मी अजून विचार करतो आहे.

बाकी सगळीकडे लेंड्या. घरातला छोटा उंदीर दिवसाला पन्नास ते पंचाहत्तर लेंड्या टाकतो आणि प्रत्येक लेंडी जेमतेम तीन ते सहा मिलिमीटर लांब असते. मोठ्या जातीच्या उंदराची दीड-दोन सेंटीमीटरपर्यंत जाते. मुलाने मोबाइल काढून पंचाहत्तर गुणिले महिने असा हिशेब सुरू केला. दिवाळीच्या तोंडावर असले गुणाकार करू नयेत.

आईने गोधडीची दोन टोकं धरली, मला म्हणाली, “धर तिकडून. झटकून टाकू अन् दे झाडू मारून.”

मराठी घराचा स्वच्छतेवर जितका विश्वास आहे, त्याहून जास्त झटकण्यावर आहे. अंथरूण झटकायचं, पायपोस आपटायचा, रुसलेल्या माणसाचा हातही झटकायचा. जे झटकलं ते गेलं, अशी समजूत. गेलेलं नेमकं आपल्याच नाकात गेलं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

तेवढ्यात ताईचा फोन आला. ताई आरोग्यसेविका म्हणून निवृत्त झाली. खात्यातून निवृत्त झाली, आमच्यातून नाही. बायकोने सहज विषय काढला आणि पलीकडून आवाज आला, “कोणी हात लावू नका! झटकू नका, झाडू तर आणूच नका! आधी दारं-खिडक्या उघडा आणि अर्धा तास सगळे बाहेर बसा.”

आम्ही ओट्यावर बसलो. समोरच्यांनी विचारलं, भूकंप झाला का?

ताईचं म्हणणं असं: लेंडी ओली असताना जेवढी घाण, त्याहून वाळल्यावर वाईट. झाडू मारला की तिची आणि वाळलेल्या मुताची बारीक धूळ उडते आणि श्वासातून आत जाते. १९९३ साली अमेरिकेच्या नैऋत्य भागात धडधाकट तरणी माणसं श्वास कोंडून दगावली, तेव्हा कारण निघाला हंताव्हायरस, आणि त्याचं घर निघालं उंदीर. आपल्याकडे भीती जास्त करून लेप्टोस्पायरोसिसची, जो उंदराच्या मुतातून येतो, आणि पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेलाची. मुलाने मध्येच विचारलं, २०१८ साली विदर्भात आला होता तो स्क्रब टायफस? “तो गोचिडासारख्या बारीक किड्याच्या चावण्याने होतो, लेंडीने नव्हे,” ताई म्हणाली. “पण तो किडाही उंदराच्या अंगावरच फिरतो. तेव्हा उंदराला निर्दोष समजू नकोस.”

मग कृती. हातात रबरी मोजे, तोंडाला मास्क. फरशीवरच्या आणि माळ्यावरच्या लेंड्यांवर ब्लीचचं पाणी, एका भागाला नऊ भाग पाणी, ताजं केलेलं, आणि तेही फवाऱ्याच्या जोराने न मारता हलकेच ओतायचं. पाच मिनिटं भिजू द्यायचं. मग कागदाने टिपून पिशवीत, पिशवीला गाठ. ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड चुकूनही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो.

यातली पाच मिनिटं सगळ्यात अवघड. आमच्या घरात पाच मिनिटं काही न करता उभं राहायची कुणाला सवय नाही. आई दर अर्ध्या मिनिटाला विचारी, “झालं का? आता पुसू का?” बायकोने तेवढ्यात भाजी फोडणीला टाकायचं ठरवलं. मोजे घातलेल्या हातांनी मला नाकावरची माशीसुद्धा हाकलता येईना.

कपड्यांवर मात्र ब्लीच नाही. त्याने रंग उडतो आणि रेशीम, लोकर तर विरतेच. आत्याने शालूवर “थोडंसं ब्लीच” सुचवलं, तेव्हा बायकोने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती कुठल्याही उंदराला पुरली असती. शालू ताईच्या सांगण्यावरून मोजे घालून सावलीत उघडा टांगला, नंतर ड्राय क्लीनिंगला. कोट उन्हात, काही तास. सुती सगळं मात्र डिटर्जंट आणि कडक गरम पाणी.

गोधडीपाशी खरा पेच आला. आईच्या सगळ्या जुन्या लुगड्यांचे थर तिच्यात आहेत. तिला धुवायला न्यायचं म्हणजे आईला हात लावण्यासारखं. आईने ती घट्ट धरली. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी रँडसाहेबाची माणसं घरात शिरून लोकांचं सामानसुमान बाहेर काढत, तेव्हा लोक इतके का चिडले, हे मला गोधडीच्या एका टोकाला उभं राहून समजलं. रँडचं पुढे काय झालं, तेही आठवलं. मी टोक सोडलं. शेवटी ताईने फोनवरून आईशी बोलून तह केला: गोधडी धुवायची, पण पिळायची आईच्या देखरेखीखाली.

वॉशिंग मशीनने तिला घ्यायला साफ नकार दिला. पाणी रोज येत नाही, म्हणून नळाचा वार गाठावा लागला. मोठ्या टबात गरम पाणी, पायांनी तुडवणं, मग मी आणि मुलगा दोन बाजूंनी पीळ देतोय. ओली गोधडी म्हणजे डबक्यात बसलेली म्हैस. ओढली तर उठत नाही, उठली तर आपल्याच अंगावर. आई पायरीवरून सांगत होती, “हळू रे, तुह्या आजीचं लुगडं हाये ते.” गोधडी गच्चीवर नेताना जिन्याच्या वळणावर आम्ही जरा वेळ अडकलोही होतो. मग घाटाखालचं ऊन. घाटावर गोधडीला दोन दिवस लागतात म्हणे. आमच्याकडे दुपारी टाकली, तिन्हीसांजेला खणखणीत. पुण्याहून डांबरगोळ्या पाठवायची तयारी दाखवणाऱ्या मेहुण्याला ताईने परस्पर सांगितलं की त्या कसरीसाठी, उंदराला त्यांचं काही वाटत नाही.

उरलं उंदराचं दार. सहा मिलिमीटरच्या फटीतूनही छोटा उंदीर आत येतो. बोट जाईल तिथून तो सहज. माळ्याच्या कोपऱ्यात तसलं भोक सापडलं. त्यात तारेचा घासा कोंबून वर सिमेंट लिंपलं, कारण तार त्याला कुरतडता येत नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, “अहो, कढई घासायचा घासा कुठंय?”

मी पिशवी घेऊन बाजाराला निघालो. मागून आई म्हणाली, “दोन आनजो बरं. एक उंदराले, एक आमाले.”