हजार डॉलरची गाठ

अमेरिकेतल्या स्काउट चळवळीत काम करणाऱ्या प्रौढ स्वयंसेवकाला गणवेशाच्या डाव्या खिशावर बोटाच्या दोन पेरांएवढी कापडी पट्टी शिवता येते. पट्टीवर रीफ नॉट भरलेली असते. आपल्याकडे शाळेत स्काउटला गेलेला प्रत्येक जण पहिल्या महिन्यात शिकतो आणि दुसऱ्या महिन्यात विसरतो, तीच. सन्मान कुठला, हे दोऱ्याच्या रंगावरून ओळखायचं. स्वतःचा जीव धोक्यात घालून दुसऱ्याचा वाचवणाऱ्याला ऑनर मेडल मिळतं, त्याची गाठ लाल. स्थानिक कौन्सिलच्या कायम निधीला एक हजार डॉलर देणाऱ्यालाही गाठ मिळते. तिला बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका या संस्थेचे पहिले मुख्य अधिकारी जेम्स ई. वेस्ट यांचं नाव दिलं आहे. दोन्हींचं माप एक, जागा एक, आणि ओळीत कुठली आधी लावायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. बुडणाऱ्याला बाहेर काढणं आणि चेक फाडणं यांत संस्थेच्या लेखी फरक उरला तो दोऱ्याचा.

मूळ कल्पना तशी काटकसरीची होती. खरं पदक समारंभापुरतं, एरवी त्याची कापडी खूण. पण खूण स्वस्त झाली की वाढते. लहानपणी ईगल या सर्वोच्च पायरीपर्यंत पोचला असाल तर त्याची गाठ, प्रशिक्षणाची वेगळी, जिल्ह्यातल्या सेवेची वेगळी, धर्मसंस्थेने गौरवलं असेल तर तिची आणखी एक. तोच सन्मान लहानग्यांच्या कब पॅकमध्ये मिळाला की मोठ्या मुलांच्या ट्रूपमध्ये, हे लोकांना कळायला हवं, म्हणून गाठीवर टोचायची नखाएवढी धातूची खूण. त्यावर सेवेच्या वर्षांचा आकडा असलेला तारा, ताऱ्यामागे रंगीत चकती. आणि या सगळ्याच्या वर, गळ्यात, वुड बॅजचे मणी.

हे मणी म्हणजे साम्राज्याचा इतिहास दोरीत ओवलेला. सप्टेंबर 1919 मध्ये लंडनजवळच्या गिलवेल पार्कमध्ये प्रौढ नेत्यांचा पहिला वुड बॅज अभ्यासक्रम झाला आणि तो पुरा करणाऱ्यांना चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी झुलू राजा दिनुझुलूच्या माळेतले लाकडी मणी दिले. माळ त्यांच्याकडे कशी आली याच्या कथा एकाहून अधिक आहेत. झुलूंविरुद्धच्या मोहिमेतली लूट ही त्यांतली सर्वांत गैरसोयीची. गिलवेलची जागा घ्यायला मॅक्लारेन नावाच्या स्कॉटिश गृहस्थांनी पैसे दिले, म्हणून स्कार्फच्या टोकाला त्यांच्या कुळाच्या चौकड्याचा तुकडा. त्यामुळे टेक्सासमध्ये विमा विकणारा सद्गृहस्थ अभ्यासक्रमाचे काही दिवस आणि दीड वर्षात पाच उद्दिष्टं पुरी केली की गळ्यात झुलू मणी आणि पाठीवर स्कॉटिश चौकडा घेऊन हिंडू लागतो. पुढे कुठल्याही मेळाव्यात गिलवेलचं गाणं सुरू झालं की ताडकन उठून आपण पूर्वी कोल्हा होतो की घुबड, हे तो गाऊन जाहीर करतो. आपण मात्र फार हसू नये. भारतात हाच अभ्यासक्रम हिमालय वुड बॅज म्हणून चालतो. त्यांचा सर्वोच्च सन्मान सिल्व्हर बफेलो, तर भारत स्काउट्स आणि गाइड्सचा रौप्य हत्ती. निदान वजनात आपण पुढे आहोत.

इतकं कापड अंगावर आलं की त्याची राखण करणारेही आलेच. त्यांना तिकडे युनिफॉर्म पोलीस म्हणतात. पद स्वयंघोषित, मुदत आजन्म. मेरिट बॅजचा पट्टा खांद्यावरून घ्यायचा, कमरेच्या पट्ट्यात अडकवायचा नाही, हा नियम त्यांना तोंडपाठ. उजव्या बाहीवरचा राष्ट्रध्वज सैन्यासारखा उलटा का नाही, यावर ते शेकोटी विझेपर्यंत बोलू शकतात. 1980 साली ऑस्कर दे ला रेन्टा या नामांकित फॅशनकाराने आखलेला गणवेश आला, 2008 मध्ये खांद्यावरच्या लाल पट्ट्या हिरव्या झाल्या; आणि एकदा अधिकृत ठरलेला गणवेश कायम अधिकृत, असं संस्थाच म्हणत असल्याने लाल की हिरवी हा वाद मिटण्याची सोयच राहिली नाही. बेडन-पॉवेल यांना गणवेश हवा होता तो गरीब-श्रीमंत फरक झाकायला. शर्टाने झाकलेलं सगळं शर्टावर पुन्हा शिवून घ्यायला त्यांच्या अनुयायांना फार काळ लागला नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. ही माणसं बिनपगारी आहेत. शनिवार-रविवार घालवून, स्वतःच्या गाडीत पेट्रोल भरून दुसऱ्यांची मुलं चिखलातून फिरवून आणतात. त्यांना दोन इंच कापड दिलं तर कुणाचं काय बिघडलं? ज्या महाराष्ट्रात शाल-श्रीफळाशिवाय सभा संपत नाही, तिथल्या माणसाने तर हा प्रश्न विचारूच नये. कबूल. सन्मान हवाच. पण तो कशाचा होतो हे पाहायला हवं. प्रशिक्षणाची गाठ मिळते ती अर्ज भरून: अमुक काळ सेवा, अमुक वर्ग पुरे, खाली सही. अर्जात जे मावतं त्याचाच सन्मान होतो. बुजरा मुलगा तिसऱ्या सहलीनंतरही का टिकला, याला अर्जात रकाना नाही. स्थानिक कौन्सिलचा सिल्व्हर बीव्हर हा सन्मान स्वतःसाठी मागता येत नाही, दुसऱ्याने शिफारस करावी लागते आणि तीही त्याच्या नकळत, असं कुणी दाखवून देईल. ती प्रथा चांगलीच आहे. पण मागून घेतलेला आणि न मागता मिळालेला सन्मान यांतला फरक संस्थेला कळतो, हेही त्यावरून सिद्ध होतं. तरी छातीवर दोन्ही शेजारी.

या संस्थेची जन्मकथाच तिच्या अंगावर येते. 1909 मध्ये तिचे भावी संस्थापक, प्रकाशक विल्यम बॉइस लंडनच्या धुक्यात वाट चुकले, एका स्काउटने त्यांना पोचवलं, आणि सत्कर्माचे पैसे घेत नाही म्हणून बक्षिसी नाकारली. धुकं खरं होतं की पुढे कुणी सोडलं, यावर अभ्यासक शंका घेतात. पण संस्था ही गोष्ट अभिमानाने सांगते. 1926 मध्ये सिल्व्हर बफेलो सुरू झाला तेव्हा पहिला बेडन-पॉवेल यांना आणि दुसरा या अज्ञात स्काउटला दिला. नाव माहीत नाही, पत्ता माहीत नाही, बक्षिसी नको म्हणाला होता. तरी सुटला नाही.

दुसरा आक्षेप असा की ही निरुपद्रवी हौस आहे, तिच्यावर एवढी शाई कशाला? तर शर्ट पाहून माणसावर विश्वास ठेवला जातो, म्हणून. लहान मुलाला आणि त्याच्या आईबापाला गाठींचे रंग वाचता येत नाहीत. त्यांना दिसतो एक भरलेला, म्हणून भरवशाचा शर्ट. खिशापासून पट्टी किती वर हवी हे छापून ठेवणारी हीच संस्था मुलांवर अत्याचार केल्याचा संशय असलेल्या स्वयंसेवकांच्या फायली कित्येक दशकं कुलपात ठेवून होती. ओरेगनच्या न्यायालयाच्या आदेशामुळे त्यांतल्या बाराशेहून अधिक 2012 मध्ये उघड झाल्या. 2020 मध्ये संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा 82,000 हून अधिक जणांनी दावे केले आणि तडजोड सुमारे अडीच अब्ज डॉलरची झाली. बहुसंख्य स्वयंसेवक सज्जन आहेत, त्यांना या फायलींशी जोडणं अन्याय आहे, असं कुणी म्हणेल. गाठ घालणारा प्रत्येक जण वाईट, असं माझं म्हणणंच नाही. गाठ चांगलेपणाचा पुरावा नाही, एवढंच आहे. हजार डॉलरची गाठ तर नाहीच. देणगीदाराला पावती द्यावी, आभाराचं पत्र द्यावं, हवं तर कॅम्पमधल्या बाकावर नाव कोरावं; मुलांसमोर घालायच्या गणवेशावरून ती गाठ उतरवावी.

8 फेब्रुवारी 2025 पासून संस्थेने आपलं नाव स्काउटिंग अमेरिका केलं. पट्ट्या तशाच आहेत. अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलं-मुलीही तिच्यात आहेत. त्यांच्या आईवडिलांनी ट्रूप निवडताना स्काउटमास्टरच्या छातीकडे पाहू नये. कॅम्पवर सोबत नोंदणी झालेला दुसरा प्रौढ कोण आहे आणि दोघांचं बालसुरक्षेचं प्रशिक्षण ताजं आहे का, हे विचारावं. दोन प्रौढांचा नियम संस्थेचाच आहे, त्यामुळे या प्रश्नाचा कुणाला राग येण्याचं कारण नाही. आलाच, तर दुसरा ट्रूप शोधावा.