भित्यापाठी संमोहनकार

कळवणात हिप्नॉटिझमचे प्रयोग करायला येणाऱ्या माणसाची एक हमखास पंचाईत होते. या खेळातला हुकमाचा एक्का ठरलेला असतो. स्टेजवर बोलावलेल्या पोराच्या हातात कांदा द्यायचा, 'हे सफरचंद आहे, खा' म्हणायचं, आणि पोरानं तो मिटक्या मारत खाल्ला की टाळ्या घ्यायच्या. आमच्याकडे या एक्क्याला टाळी पडत नाही. भाकरीबरोबर बुक्कीनं फोडलेला कांदा मिटक्या मारत खाणं हा इथला रोजचा व्यवहार. त्यासाठी कुणाला गुंगवावं लागत नाही. उलट मागच्या रांगेतून एखादा शेतकरी ओरडतो, "साहेब, पोराला सोडा! लिलावाच्या वेळी या आणि व्यापाऱ्यांना सांगा, हे सफरचंद आहे म्हणून!"

असल्या खेळांनी संमोहनाचं फार नुकसान केलं. भीती घालवायला डॉक्टर लोक संमोहन वापरतात असं सांगितलं, की ऐकणाऱ्याला आधी संमोहनाचीच भीती वाटू लागते. आमच्या गल्लीतल्या निवृत्त गुरुजींचंही तेच झालं. त्यांची मूळ भीती लिफ्टची. सगळी नोकरी कळवण, अभोणा, कनाशी अशी तालुक्यातच झालेली, त्यामुळे लिफ्टशी गाठ पडायचं कारणच नव्हतं. पण मुलानं नाशकात नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि गुरुजींची अब्रू धोक्यात आली. दार सरकून बंद झालं की छातीत धडधड, तळहाताला घाम, आणि आपण इथेच गुदमरणार ही खात्री. मग जिना. नातवाच्या बारशाला ते नऊ मजले चढून गेले ते नाव ठेवून झाल्यावरच पोचले.

मुलानं संमोहन करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घेतली, तेव्हा गुरुजी माझ्याकडे आले. "त्या तंद्रीत मी भलतंसलतं बोलून गेलो तर? हिच्या माहेरच्यांविषयी?"

खरं म्हणजे तंद्री म्हणजे काय, हे या तालुक्याला बाहेरच्यानं शिकवायची गरज नाही. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरीच्या सुरावर रात्र रात्र नाचणाऱ्या माऊल्यांच्या, म्हणजे व्रत धरलेल्या भक्तांच्या, अंगात वारं येतं, ते पाहतच आम्ही मोठे झालो. आणि एका अर्थानं आपण सगळेच लहानपणी एकदा संमोहित होऊन बसलेलो आहोत. दिवा बारीक केलेला, मूल अर्धवट झोपेत, कानाशी सावकाश, पुन्हा पुन्हा तेच वाक्य : झोप, नाहीतर बागुलबुवा येईल. संमोहनाच्या पाठ्यपुस्तकात यापेक्षा निराळं काय असतं? फक्त तिथे भीती काढतात, आपल्या आया ती घालतात. बागुलबुवा पुढे जातो. त्याच्या रिकाम्या जागी कुणाकडे पाल येते, कुणाकडे लिफ्ट.

गुरुजींना मी फारियाची गोष्ट सांगितली. पणजीत मांडवीकाठी, जुन्या सचिवालयाच्या शेजारी एक पुतळा आहे. झगा घातलेला पाद्री हात पसरून उभा आणि त्याच्यापुढे एक बाई मागे कलंडलेली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, पोलिसांना कळवावं. हा आबे फारिया, म्हणजे जुझे कुस्तोदियु द फारिया. जन्म १७५६, गाव कांदोळी. आईवडील विभक्त झाले. आई जोगीण झाली, वडील पाद्री. बापलेक पोर्तुगालला गेले, मुलगा रोममध्ये शिकून पाद्री झाला आणि लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायची पाळी आली. सांगतात ते असं, की उंची पोशाखातले ते सरदार-दरकदार पाहून फारियाची वाचाच बसली. व्यासपीठावर उभा, तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा बापानं खालून कोकणीत पुटपुटलं, ही सगळी भाजी रे, कातर भाजी! समोर राणी नाही, दरबार नाही, पालेभाजीची जुडी आहे, काप. पोरगा सुटला तो धबधब्यासारखा.

दुसरा कुणी असता तर बापाचे आभार मानून विसरून गेला असता. हा मात्र त्यावर विचार करत राहिला : एका वाक्यानं आतली भीती गेली कशी? त्या काळी युरोपात मेस्मेर नावाच्या डॉक्टरचा बोलबाला होऊन गेला होता. माणसाच्या अंगात चुंबकी द्रव वाहतो आणि तो आपण हातानं वळवतो, असा त्याचा दावा. फ्रान्सच्या राजानं १७८४ मध्ये चौकशी समिती नेमली, तीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉसिए होते. समिती म्हणाली, द्रव वगैरे काही नाही, ही सगळी कल्पनेची करामत. म्हणजे विषय संपला असं सगळ्यांनी धरलं. फारियानं नेमका तिथूनच विषय सुरू केला. १८१३ पासून पॅरिसमध्ये तो जाहीर प्रयोग करू लागला. माणसाला खुर्चीत निवांत बसवायचं, डोळे मिटायला सांगायचे आणि एकदम 'झोपा!' असा हुकूम सोडायचा. आणि म्हणायचं, माझ्यात काही शक्ती नाही. जे घडतं ते यांच्याच मनात घडतं. इतकं प्रामाणिक बोलणाऱ्याचं जे होतं तेच झालं. एका नटानं झोपेचं सोंग घेऊन त्याला भर सभेत तोंडघशी पाडलं, त्याची टिंगल करणारं नाटक रंगभूमीवर आलं, आणि १८१९ मध्ये तो हलाखीत गेला. पुढे ड्यूमा या फ्रेंच लेखकानं आपल्या कादंबरीत त्याला कैदी म्हणून अमर केलं, तेही संमोहन वगळून.

गुरुजींना यातली भाजी तेवढी पटली. "पण लिफ्टमध्ये कोणती भाजी कातरायची?"

हा प्रश्न रास्त होता. नुसत्या वाक्यानं भागत नाही, हे १९५०च्या दशकात जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकी डॉक्टरनं दाखवलं. तोही आरंभी संमोहनानं रोग्याला सैल करायचा; पण मग भीतीची उतरंड मांडून, सगळ्यात छोट्या भीतीपासून, एकेक पायरी मनातल्या मनात चढायला लावायचा. आजही जाणकार हेच सांगतात : भीतीला थोडी थोडी तोंड देत जाणं हा खरा उपाय, संमोहन त्याला मदतनीस. शिवाय सगळे सारखे संमोहित होत नाहीत. कुणी चटकन, कुणी अजिबात नाही. आणि माणूस त्यात शुद्धीवर असतो, नको ते तो बोलत नाही. (हे ऐकून गुरुजींच्या चेहऱ्यावर रंग आला.)

पायऱ्यांचा विषय आमच्याकडे जिव्हाळ्याचा. सप्तशृंगी गडाच्या पाचेकशे पायऱ्या उमाबाई दाभाड्यांनी बांधल्या असं सांगतात; २०१८ पासून ज्यांना त्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. चैत्रात त्या ट्रॉलीत एक खान्देशी आजी पाहिली. पायी चालत आलेली, टाचांना भेगा, अंगठ्याला चिंधी. उन्हाला भ्याली नाही, घाटाला भ्याली नाही. पण ट्रॉली तिरकी वर सरकू लागताच तिनं पदर डोळ्यांवर ओढला आणि पुढचा दांडा असा धरला की बोटांची पेरं पांढरी पडली. नात म्हणाली, "डोळा उघड वं माय, काही व्हत नही." आजी पदराआडूनच म्हणाली, "तूच देख आनि माले सांग." आणि त्याच गडाच्या सरळसोट सुळक्यावर, चैत्रात आणि नवरात्रात, दरेगावच्या गवळी-पाटील घराण्यातला मानकरी रात्री एकटा चढून कीर्तिध्वज लावतो! त्याच्या कानात पिढ्यानपिढ्या कुणी काय पुटपुटलं असेल, ते एखाद्या मानसशास्त्रज्ञानं जरूर विचारावं. मला विचारायचा धीर झाला नाही.

गुरुजी शेवटी त्या मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले. झोप वगैरे लागली नाही, म्हणाले. बाहेर गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. डॉक्टरनं अंग सैल सोडायला लावलं आणि विचारलं, दार लावलेल्या, माणसांनी भरलेल्या जागेत तुम्हाला कधी सुरक्षित वाटलंय? गुरुजींना क्षणात सुचलं : कळवण-नाशिक एसटी, ड्रायव्हरच्या मागची सीट. आयुष्यभर त्या गर्दीत, पिशव्या मांडीवर घेऊन, ते बिनधास्त डुलक्या काढत आले होते. मग डॉक्टरनं मिटल्या डोळ्यांपुढे त्या एसटीचं लिफ्टमध्ये रूपांतर केलं. घरी गृहपाठ दिला : आधी दार उघडं ठेवून लिफ्टमध्ये नुसतं उभं राहायचं, मग एक मजला, मग दोन. गृहपाठ म्हटल्यावर गुरुजी तो चुकवणार नव्हतेच.

आता ते नवव्या मजल्यावर लिफ्टनं जातात. दार बंद झालं की मात्र वर बघून, कंडक्टर दोरी ओढतो तशी बोटं हलवत, मोठ्यानं "टिंग टिंग" म्हणतात. सोसायटीतली पोरंही आता त्यांच्याबरोबर म्हणतात, आणि खाली उतरताना तिकीट मागतात.

"आता पालीचंही करून घ्या," मी म्हटलं. पाल दिसली की गुरुजी अजून खुर्चीवर चढतात.

"पाल राहू दे," आतल्या खोलीचा कानोसा घेत ते म्हणाले. "तेवढ्या एका बाबतीत ही माझी हाक ऐकून धावत येते."