बाळ आणायला वांद्र्याला

आमच्या गिरीजमधून रमेदी चर्चला रिक्षाने जायला फार तर दहा मिनिटं लागतात. तिथेही माउलीच आहे आणि तिलाही लोक नवस बोलतात. तरीपण घरात काही मोठं मागायचं झालं, की ते वांद्र्याच्या डोंगरावर जाऊनच मागायचं, असा सासूबाईंचा दंडक आहे. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, "आई, इथली माउली आणि तिथली माउली एकच ना?" त्या म्हणाल्या, "एकच गं. पण जवळच्या माणसाकडे सारखं मागणं बरं दिसत नाही." धर्मशास्त्रात हे कितपत बसतं ते फादरांना ठाऊक, वसईच्या भावकीत मात्र चपखल बसतं.

त्यामुळे सप्टेंबर उजाडला आणि मला सातवा महिना लागला तेव्हा वांद्र्याची जत्रा टळणार नाही, हे मला कळून चुकलं होतं. पवित्र मरियेचा जन्मदिवस 8 सप्टेंबरला. त्या दिवशी रविवार नसेल तर पुढच्या रविवारी जत्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. डॉक्टरांनी "दगदग नको" एवढंच सांगितलं होतं. सासूबाईंच्या मते देवाच्या कामाला दगदग म्हणत नाहीत.

खरी भानगड रुथची होती. रुथ आमची थोरली, वय पावणेतीन. रात्री जपमाळ झाली की शेवटी घरातल्या प्रत्येकाने एकेक विनंती करायची, अशी आमच्याकडे रीत आहे. मी बाळाच्या सुखरूप येण्यासाठी, नवरा हप्त्यांसाठी, सासूबाई आपल्या खांद्यासाठी आणि रुथ "लाल बस" यासाठी. जपमाळ गळ्यात घालून ती एवढ्या भक्तिभावाने लाल बस मागते, की आमेन म्हणताना आमचाच आवाज चोरटा होतो. एका रात्री तिने मधेच विचारलं, "बाळ कुठून येणार?" मी तोंड उघडण्याआधीच नवऱ्याने हात झटकले, "वांद्र्याची माउली देणार." प्रश्न मिटला म्हणून तो कूस बदलून झोपला. रुथ मात्र दुसऱ्या दिवसापासून शेजारीपाजारी सांगत सुटली, की आम्ही वांद्र्याला बाळ आणायला चाललोय. शेजारच्या काकींनी तर माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "का गं, दत्तक घेताय की काय आणखी एक?"

गाडी करून जावं असा नवऱ्याचा विचार होता. पण रविवारी हायवेला लागायचं, वर्सोव्याच्या पुलाशी अडकायचं आणि मागच्या सीटवर रुथने दर दोन मिनिटांनी "आलं का वांद्रे?" विचारायचं, त्यापेक्षा लोकल बरी, असं ठरलं. वसई रोड ते वांद्रे अंतर चाळीस किलोमीटरच्या आतच आहे. सामान मात्र अमेरिकेला निघाल्यासारखं. डायपर, दोन जोड कपडे, पाण्याच्या बाटल्या, इडल्यांचा डबा, वाडीतली वेलची केळी, माउलीला वाहायला ओल्या फडक्यात गुंडाळलेला सोनचाफा, आणि रुथचा एक कान तुटलेला ससा, ज्याच्याशिवाय ती शी करत नाही.

वसईला चढणाऱ्याला एक गोष्ट जन्मतःच कळते: विरारहून येणारी गाडी विरारलाच भरते. म्हणून वांद्र्याला जाण्यासाठी आम्ही आधी उलटे विरारला गेलो. रीतसर तिकीट काढून विरारच्या गाडीत बसायचं, शेवटच्या स्टेशनवर सगळे उतरले तरी आपण उठायचं नाही, आणि तीच गाडी चर्चगेटला निघाली की चढणाऱ्यांकडे सहानुभूतीने बघायचं. रुथला हे पटेना. वांद्रे एकीकडे आणि आपण दुसरीकडे, एवढं तिला खिडकीतून कळत होतं. परतताना वसई रोड पुन्हा आलं तेव्हा तिने भोकाड पसरलं. तिला वाटलं बाळ न घेताच घरी आलो.

माझ्यासमोर दोन पर्याय होते. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला बसता येतं. पण सोबतच्या सासूचं आणि पावणेतीन वर्षांच्या मुलीचं काय करायचं, हे कुणी ठामपणे सांगेना. म्हणून नवऱ्याला सामानासकट जनरलमध्ये ढकललं आणि आम्ही तिघी, म्हटलं तर साडेतिघी, लेडीजमध्ये बसलो.

लेडीज डब्यात पोट घेऊन शिरणं म्हणजे भर चौकात खासगी पत्र उघडून ठेवणं. नायगाव यायच्या आत मला खिडकी मिळाली, भाईंदरच्या खाडीवर वारा मिळाला आणि मीरा रोडपर्यंत निकालसुद्धा. गर्भाचं लिंग सांगायला डॉक्टरला 1994 च्या कायद्याने बंदी आहे. विरार लोकलच्या लेडीज डब्यापर्यंत हा कायदा अजून पोचलेला नाही. मशीनही लागत नाही. भाजी निवडत बसलेल्या एका बाईने गवारीच्या शेंगेचं शेपूट मोडता मोडता माझ्याकडे एकदाच बघितलं आणि म्हणाली, "पोट टोकदार आहे. मुलगा." समोरची पुस्तक मिटून म्हणाली, "चेहरा बघा की, उतरलाय. मुलगी आईचं रूप घेते." हे ऐकून रूप होतं तेव्हा कुणी का सांगितलं नाही, असं मला वाटून गेलं. तिसरीने मला दोन्ही हात पुढे करायला सांगितले. मी पंजे वर करून धरले. "मुलगी!" खाली करून धरले असते तर मुलगा होता म्हणे. दहिसरला नव्याने चढलेल्या दोघींना आधीची साक्ष वाचून दाखवण्यात आली आणि बोरिवलीला तीन विरुद्ध दोन मतांनी मुलगा ठरला.

"पहिली मुलगी ना? मग बरं झालं," गवारवाली म्हणाली.

यावर मी काही बोलणार, तोच सासूबाई केळ्याचं साल सोलत थंडपणे म्हणाल्या, "आम्हाला मुलगी चालते. मुलगाही चालतो. आम्हाला फक्त रात्री झोपणारं हवंय." पुढे बराच वेळ डब्यात नुसता गवार मोडल्याचा आवाज येत होता. सासूबाईंना मी मनातल्या मनात सगळ्या जुन्या गोष्टी माफ केल्या. खारच्या पुढे त्यांनी माझ्या चहात साखर जास्त असते असं डब्याला सांगितलं, तेव्हा त्यातल्या निम्म्या परत घेतल्या.

वांद्रे स्टेशनबाहेर बेस्टच्या जादा गाड्या लागल्या होत्या. रुथला लाल बस दिसली आणि तिची प्रार्थना तिथल्या तिथे फळली. बसमध्ये चढेपर्यंत ती ओरडत होती, "आमेन! आमेन!" लोकांनी वाट करून दिली. एका आजोबांनी तर क्रूसाची खूण केली.

हिल रोडपासून डोंगर चढेपर्यंत दुतर्फा दुकानं होती. चणे, मिठाई, फुगे, पत्र्याच्या शिट्ट्या, आणि मेणाच्या वस्तू. ज्यांनी ही जत्रा बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते: इथे ज्याला जे हवं त्याची मेणाची प्रतिकृती घेऊन माउलीला वाहायची. गुडघा दुखत असेल तर पाय, हृदयविकार असेल तर हृदय, घर हवं असेल तर कौलारू घर, परदेशाचा व्हिसा हवा असेल तर विमान. विकणारे आणि विकत घेणारे सगळ्या धर्मांचे. नवऱ्याने मेणाची मोटार उचलून बघितली आणि माझी नजर पडताच खाली ठेवली. आणि बाळं! फळीवर ओळीने मांडलेली, पिवळट पांढरी, हात अंगाशी घेतलेली, सगळ्यांचे चेहरे नुकतीच आंघोळ घातल्यासारखे.

रुथ थबकली. तिच्या दृष्टीने बाबा खरं बोलला होता. हेच ते दुकान.

पुढची पंधरा मिनिटं तिने जी खरेदी केली तशी मी लग्नाच्या साडीचीही केली नव्हती. एकेक बाळ उचलून नाकाशी धरलं. एकाला वास घेऊन नापास केलं. एकाला जांभई दाखवली, त्याने दिली नाही म्हणून तेही नापास. दुकानदारीणबाई पहिल्यांदा हसल्या, मग "ताई, हात लावू नका देऊ" म्हणाल्या, आणि शेवटी त्यांनीच एक बाळ पुढे केलं, "घे, हे शहाणं आहे, रडत नाही." रुथने ते छातीशी धरलं. सासूबाई घासाघीस करायला लागल्या तेव्हा नवरा कुजबुजला, "आई, नवसाच्या वस्तूत कसली घासाघीस?" त्या म्हणाल्या, "माउलीला भाव माहीत आहे."

मग रुथने माझ्या पोटाकडे बोट केलं. "मग यात काय आहे?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा विमानं बघत होता.

"इडल्या," सासूबाई म्हणाल्या.

चर्चच्या पायऱ्यांवर गर्दी एवढी होती, की आपण चढत नाही, चढवले जातो. त्या रेटारेटीत कुणाचा तरी कोपर लागला आणि बाळाचा उजवा हात खांद्यापासून निखळून रुथच्या मुठीत आला. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "आपण ख्रिस्ती लोक अपशकुन मानत नाही," असं त्या मोठ्याने म्हणाल्या आणि लागोपाठ तीनदा क्रूसाची खूण केली. मलाही पोटात कसंतरी झालं, खोटं कशाला बोलू. रुथ मात्र शांत होती. तिच्या सशालाही एकच कान आहे.

अशा वेळी सासूबाईंचं वाचन कामी येतं. त्या एक पायरी थांबल्या, श्वास घेतला आणि गर्दीला अडवून आम्हाला इतिहास सांगू लागल्या. ही मूर्ती सोळाव्या शतकात जेझुइट धर्मगुरूंनी आणली. 1700 साली अरबी चाचे आले, माउलीच्या हातातली सोनेरी वस्तू खरं सोनं समजून त्यांनी तिचा उजवा हातच तोडला. मग मधमाश्यांनी त्यांना पळवून लावलं, अशी कथा. "उजवा हात! बघितलंत? उजवाच!" मागून एक गृहस्थ म्हणाले, "आजी, इतिहास वर जाऊन सांगा ना." सासूबाईंनी त्यांनाही सोडलं नाही. आजची इमारत 1904 ची, आराखडा एका पारशी वास्तुकाराचा, आणि बॅसिलिकाचा मान मिळाला 1954 साली. हे साल सांगताना त्या जरा ताठ होतात, कारण त्यांचाही जन्म त्याच वर्षीचा. दोन्ही घटनांचा संबंध असल्याचं त्यांनी कधी म्हटलेलं नाही. नसल्याचंही नाही.

मराठी मिस्सा मिळाली, पण तिच्याबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. लहान मूल घेऊन मिस्सेला बसणाऱ्या आईला प्रवचनाची सुरुवात आणि शेवट एवढंच ऐकू येतं. मधला सगळा वेळ ती बाकाखाली असते. मी सातव्या महिन्यात बाकाखाली वाकू शकत नव्हते, म्हणून नवरा होता. तो वर आला तेव्हा त्याच्या हातात आमचं काहीच नव्हतं, कुणाचातरी चष्मा होता.

शेवटी वेदीपाशी पोचलो. सोनचाफा वाहिला. एक स्वयंसेवक मुलगा मेणाच्या वस्तू गोळा करत होता. त्याने रुथपुढे टोपली धरली. रुथने बाळ पाठीमागे लपवलं.

"रुथ, द्यायचं असतं माउलीला," नवरा म्हणाला.

"का?"

"म्हणजे मग ती आपल्याला बाळ देते."

रुथने वर मूर्तीकडे बघितलं. माउलीच्या कडेवर बाळ येशू होता. रुथने आधी तिकडे, मग आपल्या हातातल्या बाळाकडे बोट केलं आणि अडाण्याला समजावावं तसं सांगितलं, "तिच्याकडे आहे. हे आपलं."

स्वयंसेवकाने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा वर्षं काढली आहेत, तो मूर्तीकडे बघत राहिला. मागची रांग खोकायला लागली. तेव्हा सासूबाई पुढे झाल्या, त्यांनी रुथच्या दुसऱ्या मुठीतून तो निखळलेला हात काढून घेतला आणि टोपलीत ठेवला.

"आजी, एवढाच?" मुलगा गोंधळला.

"हो. माझा खांदा धरलाय," त्या म्हणाल्या. "बाळाचं तिला माहीतच आहे."

येताना गाडीत जागा मिळाली ती रुथमुळे. एक हात नसलेलं बाळ ती एवढं जपून धरत होती, की समोरच्या बाईने आपणहून सरकून घेतलं. बाई चौकस होत्या. बाळाला काय झालं, कुठे गेला होतात, सगळं विचारून झालं. रुथनेही मोकळेपणाने सांगितलं, की बाळ वांद्र्याला मिळतं, दुकान डोंगरावर आहे, आणि आईच्या पोटात इडल्या आहेत. बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"कितवा?"

"सातवा," मी म्हटलं.

बाईंचे डोळे विस्फारले. त्यांनी रुथकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "अगंबाई! मग बाकीचे?"

सासूबाई चण्याची पुडी सोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घरी ठेवलेत. एवढ्या गर्दीत कुठे आणायचे?"