अधिकृत बोट

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बेसा येथील आमच्या वसाहतीच्या तरणतलावाच्या कठड्यावर एक फलक टांगण्यात आला: ‘पाण्याचे तापमान ४९ अंश. भाजण्याचा संभव असल्याने उतरण्यास सक्त मनाई. हुकुमावरून.’ अक्षर सुवाच्य होते, शुद्धलेखन निर्दोष होते आणि खाली समितीचा गोल शिक्का होता. उणीव म्हणावी तर एवढीच, की त्याच सकाळी मी त्या पाण्यात पाय बुडवला असता घोट्यापासून जी कळ निघाली ती कानशिलापर्यंत जाऊन तेथेच मुक्काम करून राहिली, आणि दुपारचे गरम वरण पोटात गेल्यावर मोठ्या नाखुशीने परतली.

ज्या नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांचा पारा पाहिला, तेथे पाणी तापवण्याचे यंत्र विकत घेणाऱ्याची प्रकृती तपासावी असे कोणी म्हणेल. परंतु त्याच नागपूरने २९ डिसेंबर २०१८ ची ३.५ अंशांची थंडीही सोसली आहे, तेव्हा खरेदीबद्दल माझी तक्रार नाही. यंत्रही मोठे सालस आहे. गच्चीवर काळ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या चटया अंथरलेल्या असतात. पंप तलावाचे पाणी त्यांतून फिरवून आणतो, आणि ते केव्हा फिरवावे याचा निवाडा भिंतीवरची एक पेटी करते. पेटीला दोन तारा. एकीच्या टोकाचा संवेदक गच्चीवर चटईशेजारी बसतो, दुसरीचा तलावातून येणाऱ्या नळात. गच्ची तलावाहून पाच-सहा अंशांनी अधिक तापली की पेटी झडप फिरवते व पाणी वर जाते. फरक सरला, किंवा तलाव ठरवून दिलेल्या मर्यादेला पोचला, की झडप मिटते. आमच्या लहानपणी हाच निवाडा न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबापाशी उभी राहून आजी करीत असे. ती बादलीत बोट बुडवी, ‘विसण घाल’ म्हणे, आणि तिच्या निकालावर अपील नसे.

आता या दोन तारांविषयी. दोन्ही काळ्या, दोन्ही एकाच जाडीच्या, आणि संवेदकही एकाच कुळातले: २५ अंशांना दोघांचाही विद्युतरोध १० हजार ओहम, उष्णता वाढली की तो घटतो, एवढीच वर्दी ते पेटीला देतात, आपण कोठे बसलो आहोत हे ते सांगत नाहीत व पेटी विचारीत नाही. बसवायला आलेल्या मिस्त्रीने तारांवर पांढरी पट्टी गुंडाळून एकीवर ‘ग’ आणि दुसरीवर ‘त’ असे पेनने लिहिलेले मी स्वतः पाहिले. मग तो चहाला गेला, हात धुऊन ओल्या हातांनी परतला, आणि दोन्ही पट्ट्या चाचपून पाहीपर्यंत त्यांवर निळा डाग तेवढा उरला. त्याने क्षणभर आढ्याकडे पाहिले आणि छत्तीस गुण जुळवणाऱ्या भटजींच्या निःशंकपणाने एक तार एका भोकात व दुसरी दुसऱ्या भोकात खोचली. त्या क्षणापासून पेटीच्या लेखी गच्ची हा तलाव झाला आणि तलाव ही गच्ची. दुपारच्या उन्हाने चटई ४९ अंशांवर गेली की पेटी समजते, तलाव उकळला, झडप बंद. रात्री गच्ची ११ अंशांवर उतरते, तलाव १९ वर असतो; पेटी समजते, गच्चीवर ऊन पडले आहे आणि तलाव गारठला आहे; मग सव्वा किलोवॅटचा पंप ते बिचारे पाणी रात्रभर वर नेऊन, थंडीत उघडे हिंडवून खाली आणतो. दहा तासांत साडेबारा युनिट वीज जाळून आम्ही ऐन डिसेंबरात पाणी गार करीत होतो, आणि ते फार तापले या सबबीवर त्यात उतरायला बंदी होती.

हे पहिल्यांदा ओळखले ते रात्रपाळीच्या रखवालदाराने. ‘पाणी तर थंडगार आहे ना जी, हात लावून पाहा की,’ असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. त्याला कामाव्यतिरिक्त न बोलण्याची ताकीद मिळाली.

तेव्हा मी सभेत उभा राहिलो आणि शक्य तितक्या नम्रपणे सुचवले की पदाधिकाऱ्यांपैकी कोणी एकाने पाण्यात बोट बुडवून पाहावे. चिटणीस म्हणाले, पेटीवरचा आकडा हा लेखी पुरावा, बोट हा तोंडी. यावर वस्तुतः विषय संपायचा. परंतु एका निवृत्त हिशेबनीसाने शंका काढली की बोट बुडवलेच, आणि ते भाजलेच, तर औषधोपचाराचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावा. आणि तेथून सभेचा पाय जो घसरला तो रात्रीच्या साडेअकरापर्यंत सावरला नाही. बोट मालकाचे असावे की भाडेकरूचे? भाडेकरूस मताधिकार नाही, सबब त्याच्या बोटास जाणवलेला गारवा इतिवृत्तात नोंदवण्यास पात्र नाही. ज्यांचा देखभाल खर्च थकला आहे त्यांची बोटे बाकी चुकती होईपर्यंत तहकूब. सदनिका पती-पत्नींच्या संयुक्त नावे असल्यास दस्तऐवजात ज्याचे नाव प्रथम त्याचे बोट ग्राह्य, मात्र दुसऱ्याची लेखी ना-हरकत जोडावी. मग कोणते बोट? अंगठा निरक्षरतेचा निदर्शक म्हणून वगळला. करंगळीचा प्रस्ताव आला तेव्हा मागच्या रांगेत शाळकरी हशा पिकल्याने तो सूचकाने आपण होऊन मागे घेतला. मधल्या बोटाविषयी एका तरुण सभासदाने खालच्या आवाजात काही सांगितले आणि अध्यक्षांनी ते कामकाजातून काढून टाकले. अनामिकेत अंगठी असते व सोने उष्णतेचे वाहक आहे असे विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी निदर्शनास आणले. राहिली तर्जनी. तिच्यासाठी तीन दरपत्रके मागवावीत, नेमणुकीपूर्वी तिचे प्रमाणीकरण करून घ्यावे, आणि तोवर ‘अधिकृत बोट उपसमिती’ने प्रश्नाच्या सर्व अंगांचा विचार करावा, असा ठराव झाला. उपसमिती पाच जणांची आहे, म्हणजे एका हाताची. मुदत तीन महिने. फलक तोपर्यंत कायम.

पुढच्या रविवारी एका भाडेकरूच्या नऊ वर्षांच्या मुलाने, ज्याला फलक वाचता येत होता पण पाणी त्याहून चांगले वाचता येत होते, भर दुपारी उडी मारली. बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ जांभळे पडले होते आणि दात तबल्यासारखे वाजत होते. रखवालदाराने त्याला आपल्या घोंगडीत गुंडाळून उन्हात बसवले. सोमवारी त्याच्या वडिलांना नोटीस गेली: ४९ अंशांच्या पाण्यात बेकायदा प्रवेश, दंड पाचशे रुपये, भाजल्याच्या जखमांस वसाहत जबाबदार नाही. वडिलांनी कळवले की मुलाला थंडी भरली आहे. उत्तर आले, थंडीच्या तक्रारीसाठी स्वतंत्र अर्ज करावा. अरे, त्या पोराच्या ओठांकडे पाहिले असते तर काय बिघडले असते? नोटिशीवर सह्या करणारी तीन माणसे त्याच कठड्याशी उभी होती, त्यांतल्या एकाने तर गळपट्टा बांधला होता. तिघांनी पोराकडे पाठ करून पेटीवरचा आकडा टिपून घेतला. माझा संताप या एका पोरापुरता नाही, हे कबूल करतो. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी मला हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी खिडकीशी उभा असतो, खोकत असतो, नमस्कार करीत असतो. पण माझा अंगठा यंत्रावर ठेवला जातो, आणि सत्तरीत अंगठ्याच्या रेषा पुसट झाल्याने यंत्र दोनदा नाही म्हणते. तेवढा वेळ खिडकीमागचा इसम माझ्याशी बोलायचा थांबतो, कारण मयताशी काय बोलायचे? तिसऱ्यांदा कधी दिवा हिरवा होतो, आणि मग तो विचारतो, ‘कसे आहात?’

असो. मे उजाडला. घरोघर कूलरमध्ये नवी खस भरली गेली, आणि उलट्या तारांची पेटी रात्री-रात्री तलाव गार करीत राहिली. पाणी २९ अंश, हात घालावा तो काढू नये असे. फलकावर मात्र चटईचा ६८ चा आकडा होता, त्यामुळे त्या पाण्याचे सुख रात्री दोन वाजता रखवालदार आणि तो दंड भरलेला मुलगा असे दोघेच घेत होते. एवढ्यात उपसमितीचा अहवाल आला, नवा मिस्त्री आला, आणि त्याने दहा मिनिटांत तारांची अदलाबदल केली. पेटी खरे बोलू लागली. फलक उतरला, नारळ फुटला. चौथ्या दिवशी, रात्रीचे फिरणे बंद झालेले पाणी ३३ वर पोचले आणि सभासद त्यात उतरून, बशीत ओतलेल्या चहासारखे तोंड करून बाहेर आले. स्पर्धेच्या तलावाचे पाणी २५ ते २८ अंश असावे असा नियम आहे, हे तेव्हा सर्वांना एकदम आठवले.

अशा पेट्यांत उन्हाळ्यासाठी रात्री तलाव गार करण्याची तजवीज असते, ती चालू करायला एक कळ दाबावी लागते, हे मी सभेत सांगितले. पुस्तिका दफ्तराच्या कपाटात आहे आणि किल्ली माजी खजिनदारांकडे आहे, ते सध्या पुण्याला मुलीकडे असतात, असे उत्तर मिळाले. ठराव एकमताने मंजूर झाला: तारा पूर्ववत उलट्या लावाव्यात. काल रंगारी फलक पुन्हा रंगवून गेला. आकड्याची जागा त्याने या वेळी काळी सोडली आहे, खडूने भरता येईल.