मेन पाडला म्हणजे झालं?

– काय हो वहिनी, काल रात्री तुमच्या हॉलमध्ये गणपतीची आरास मांडली होती का? नुसतं लुकलुक, लुकलुक!

– कसली आरास, ताई! पीओपीतला एक दिवा मधेच मिचमिचतो, मधेच विझतो. वायरमन "आलोच" म्हणाला, त्याला आठवडा झाला. आता हे म्हणतात, मीच बदलतो.

– भाऊजी? ज्यांनी नळाचा वॉशर बदलला नि सगळ्या टाकीचं पाणी अंगणात आणलं, तेच ना?

– तेच. सकाळपासून शिडी पुसताहेत. "मेन पाडतो, पाच मिनिटांचं काम आहे," असं चाललंय.

– आधी थांबवा त्यांना. तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे ना? कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या जावईबापूंचं काय झालं, ठाऊक नाही वाटतं? मेन पाडला, स्टुलावर चढले, दिवा खाली ओढला आणि वायरीला हात लागताच हे खाली! कोपराला प्लास्टर.

– अगंबाई! मेन बंद असताना?

– तेच तर सांगतेय. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली. तो लगेच बॅटरीवर दिवे-पंखे चालू करतो. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी इन्व्हर्टरमधून बाहेर पडतात ते २३० च्या आसपासच!

– मग इन्व्हर्टरचं बटण बंद केलं की झालं.

– नुसतं तेवढं करूनही भागत नाही. बहुतेक इन्व्हर्टरांत पुढचं बटण बंद असलं तरी बाहेरची वीज आरपार घरात जातेच. म्हणून इन्व्हर्टर बंद, आणि मेनही बंद. मग हॉलमधली सगळी बटणं दाबून बघायची. पंखा हलला, कुठला दिवा लागला, तर शिडीला हात लावायचा नाही.

– भिंतीवरचं बटण तर बंदच असतं की.

– त्याच्यावर कसली भिस्त ठेवता? बटण फेजवर हवं, पण जुन्या कामांत न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. दिवा विझलेला आणि वर फेज जिवंत!

– यांच्याकडे टेस्टर आहे हो. खिशाला लावून फिरताहेत.

– फिरू देत. पण तो टेस्टर आधी चालू प्लगमध्ये पेटतो का, ते बघायला सांगा. शिवाय लाकडी शिडीवर रबरी चप्पल घालून उभं राहिलं की तो मिणमिणतो, दिवसा उजेडात दिसतही नाही. पेटला तर वीज आहे हे नक्की, पण नाही पेटला म्हणून वीज नाही असं धरू नका.

– तुम्हाला हे सगळं कुठून कळलं?

– भाचा परवानावाला वायरमन आहे ना माझा. जेवायला बसला की भाजीपेक्षा वायरींचीच चर्चा जास्त. तो म्हणतो, एलईडी मिचमिचला की पुष्कळदा दिवा धडधाकट असतो, मागची ड्रायव्हरची डबी गेलेली असते. छताच्या आतल्या उष्णतेनं तिच्यातला कपॅसिटर सुकतो.

– म्हणजे नवा दिवा आणायलाच नको?

– डबी वेगळी असली, पिन लावून जोडलेली, तर तेवढीच बदलता येते. मात्र वॅट, मिलिअँपिअर आणि व्होल्ट जुन्या डबीवर असतील तेच घ्यायचे. आणि दिव्याची पिन आधी ड्रायव्हरला लावायची, वीज नंतर. ड्रायव्हर वगळून दिवा थेट २३० वर जोडला, तर गेलाच म्हणून समजा.

– हे तर १५ वॅटचा आख्खा दिवाच घेऊन आलेत.

– नुसते वॅट बघून? छताचं भोक मोजलं का? खोक्यावर कटआउट मिलिमीटरमध्ये छापलेलं असतं, ते जुळायला हवं. वॅट तेच असले तरी भोक वेगळं असू शकतं. आणि त्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा! उंदराच्या सापळ्यासारख्या बोटावर आपटतात. शिवाय वरून पीओपीचा चुरा पडतो, डोळ्यांना चष्मा हवा.

– आणि वायरी कशा ओळखायच्या?

– रंगावर जाऊ नका, हाताला येईल ती वायर ओढणारे कारागीर कमी नाहीत. जुनी जोडणी सोडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढायचा. जोडताना नुसती चिकटपट्टी नको, कनेक्टर लावायचा. वायर काळी पडलेली, वितळलेली दिसली, जळका वास आला किंवा गच्चीचं पाणी झिरपून ओल आलेली असली, तर तसंच खाली उतरायचं. तिथे वायरमनच हवा, आठवडा लागला तरी.

– सांगते हो, सांगते. पण ताई, मेन बंद, इन्व्हर्टरही बंद म्हणजे टीव्हीसुद्धा बंद?

– अर्थात!

– मग दिवा काही आज बदलत नाही. दुपारी भारताची मॅच आहे.